कॉलेजच्या पेपरात उपसंपादक झालात, आता व्याकरण कुठून शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दहावीपर्यंत मराठी होतं, मग सायन्सला गेलात, आता कॉलेजच्या पाक्षिकात "तुझं मराठी बरं आहे" म्हणून तुमच्या गळ्यात उपसंपादकपद पडलंय, ह्रस्व-दीर्घ आलं की हात अडतो, दोस्तांच्या बातम्या दुरुस्त केल्या की ते रुसतात, तर आधी व्याकरणाचं कोणतं पुस्तक पूर्ण करावं. मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासण्याच्या कामावर होते आणि आता पत्रकारितेच्या मुलांना कॉपी, म्हणजे बातमीदाराने लिहून दिलेला मजकूर, कशी बघायची ते शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी नवीन बॅच आली की येतोच. उत्तर जरा लांबणार आहे.

पहिलं म्हणजे पुस्तक पूर्ण वगैरे करायच्या भानगडीत आत्ता पडू नका. ज्याला तुम्ही व्याकरण म्हणताय त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात. एक खरं व्याकरण, म्हणजे कर्ता-कर्म-क्रियापद, लिंग, वचन, हे तुम्हाला लहानपणापासून येतंच, तुम्ही कधी "मी पुस्तक वाचली" म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर कानाला लगेच खटकतं. दुसरं लेखनाचे नियम, म्हणजे ज्याला आपण शुद्धलेखन म्हणतो, हे मात्र शिकावंच लागतं पण ते फार नाहीत, मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले ते १४ होते, १९७२ ला आणखी ४ आले, झाले १८, एवढंच सगळं प्रकरण आहे. आणि तिसरं संपादन, म्हणजे बातमीत काय कमी आहे, काय जास्त आहे, वाचणाऱ्याचा कुठे गोंधळ होईल. तुमचे दोस्त रुसतात ते या तिसऱ्यापायी, पण तुम्ही उपाय शोधताय पहिल्यात, म्हणून गाडी अडलीये.

गंमत बघा, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण हे वृत्तपत्र निघालं १८३२ ला आणि दादोबा पांडुरंगांचं व्याकरण छापलं गेलं १८३६ ला. तेव्हा आधी व्याकरण हातावेगळं करून मग पेपरात लिहायचं असा क्रम आपल्याकडे कधी नव्हताच.

आता काय कशावर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही. तुमचा पेपर छापला जातो की नुसता पीडीएफ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो, कुणी प्राध्यापक शेवटचं वाचून देतात का, पेपरची भाषा "असे केले" आहे की "असं केलं", तुमच्या बातमीदारांना घरी कोणती मराठी ऐकायची सवय आहे, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी की पुण्या-मुंबईची. शेवटचं वाचणारं कुणी नसेल तर मी तुम्हाला शुद्धलेखनावर जास्त वेळ घालायला सांगेन. कुणी असेल तर ते त्यांच्यावर सोडून तुम्ही वाक्यांकडे बघा.

लेखनाच्या नियमांबद्दल माझी पद्धत अशी की नियमाकडून शब्दाकडे जायचं नाही, आपल्या पेपरात रोज येणाऱ्या शब्दांकडून नियमाकडे जायचं. कॉलेजच्या पेपरात कोणते शब्द सारखे येणार? परीक्षा, वसतिगृह, कुलगुरू, विद्यार्थिनी, शिष्यवृत्ती, उपाहारगृह. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मुलं चुकवतात. परीक्षा हा घ्या, निम्म्या कॉप्यांमध्ये "परिक्षा" असतं, कारण परिसर, परिषद, परिणाम हे सगळे ह्रस्व आहेत मग हाही तसाच असेल असं वाटतं. पण तिथे परि अधिक ईक्षा असा संधी आहे, दोन इ एकत्र आल्या म्हणून री दीर्घ, आणि एकदा ईक्षा दीर्घ हे कळलं की परीक्षक, परीक्षण, निरीक्षक, समीक्षा हे सगळे आपोआप सुटतात, पाठ करायची गरज राहत नाही. तसंच वसतिगृह. एकट्या शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी किंवा उकार मराठीत दीर्घ, कवी, गुरू, मंत्री, पण तोच संस्कृतातून आलेला शब्द समासात पहिल्या जागी बसला की ह्रस्व, कविसंमेलन, गुरुपौर्णिमा, मंत्रिमंडळ. म्हणून "कुलगुरू" दीर्घ पण "गुरुपौर्णिमा" ह्रस्व. अपवाद आहेत, "आणि" हा शब्द त्यातला सगळ्यात जास्त वेळा लागणारा, त्याचा णि ह्रस्वच राहतो.

मग ते गरीब-गरिबांना, फूल-फुलांचा, वीज-विजेचा. प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदललं की मधली दीर्घ वेलांटी किंवा उकार ह्रस्व होतो, नागपूरला जायचं पण राहायचं नागपुरात. मात्र शरीर, गीत असे जसेच्या तसे संस्कृतातून आलेले शब्द हलत नाहीत, शरीराला, गीताला. हे आलं की बऱ्याच ठिकाणचा घोळ मिटतो.

आणि एक गोष्ट जी शाळेत कुणी शिकवली नसेल कारण तेव्हा मोबाईलवर टाईप करत नव्हतो. "कॉलेज मध्ये", "विद्यार्थ्यां साठी", "मुंबई च्या", हे तुकडे कीबोर्ड करतो, तो प्रत्येक शब्द सुचवताना मध्ये जागा सोडतो आणि आपण तशीच ठेवतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटवूनच लिहायचं, कॉलेजमध्ये, विद्यार्थ्यांसाठी, मुंबईच्या, तोही, मीच. नवीन मुलांच्या कॉपीत सगळ्यात जास्त लाल खुणा मी यासाठीच करते. दुसरं कीबोर्डचंच दुखणं म्हणजे ऱ्या. साधा र घेऊन त्याला य जोडला की त्याचा रफार होतो, "दुसर्या" असं काहीतरी दिसतं. ऱ हे वेगळं अक्षर आहे, बहुतेक कीबोर्डवर ते र दाबून धरलं की सापडतं. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, ट्रेकिंग क्लबच्या बातमीत हे फारच वाईट दिसतं.

नियमांचं एवढं बास. दर अंकाला एक नियम घ्या, त्या अंकात फक्त तोच सगळीकडे शोधा, बाकीचं नजरेला पडलं तर दुरुस्त करा पण मुद्दाम शोधू नका. जवळ मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' आणि एखादा शब्दलेखनकोश ठेवा, अरुण फडके यांचा आहे, यास्मिन शेख यांचा आहे, कोणताही चालेल. पण कोश हा फोन डिरेक्टरीसारखा वापरायचा, अडलं की उघडायचा. बसून वाचायला घेतलात तर चौथ्या पानावर झोप लागेल.

आता वाक्य. डेस्कवर आम्ही शुद्धलेखनापेक्षा जास्त घाबरायचो ते या वाक्यांना.

पोलिसांनी चोरी करून पळणाऱ्या तरुणाला पकडले.

यात एकही शब्द शुद्धलेखनाच्या दृष्टीने चुकलेला नाही, स्पेलचेकर याला हसत हसत पास करेल, पण चोरी केली कुणी? वाचणारा "पोलिसांनी चोरी करून" इथपर्यंत आला की थबकतो. मराठीत करून, जाऊन, घेत, बघत अशी रूपं आली की ती जवळच्या कर्त्याला जाऊन चिकटतात. उपाय साधा, चोरी करून पळणाऱ्या तरुणाला पोलिसांनी पकडलं. शब्द तेच, जागा बदलली. "बसमधून उतरताना सरांनी विद्यार्थ्यांना पाहिले" यातही तेच, उतरत कोण होतं ते बातमीदाराला विचारल्याशिवाय तुम्ही दुरुस्त करूच शकत नाही. विचारा. तर्काने बदलू नका.

दुसरा प्रकार लांब वाक्यांत होतो. "विद्यार्थी परिषदेने लायब्ररीची वेळ वाढवण्याबाबतचे निवेदन, सह्यांच्या यादीसह, प्राचार्यांना दिली." दिली काय, यादी की निवेदन? मध्ये यादी आली आणि क्रियापद तिच्या मागे गेलं. निवेदन दिले. हे कानाला खटकायला हवं पण मध्ये एवढे शब्द आल्यावर कान विसरतो, म्हणून मधले शब्द बोटाने झाकून वाचायचं, परिषदेने निवेदन... दिले. आता या क्षणी वाळंबे उघडा आणि कर्मणी प्रयोग वाचा, दहा मिनिटांत डोक्यात बसेल, कारण तुमच्या हातात त्याचं उदाहरण आहे. शाळेत तोच धडा किती रटाळ वाटला होता आठवतंय ना.

हिंदीचा प्रभाव हा तिसरा. "त्याने माझी मदत केली" हे आता इतकं ऐकू येतं की मुलांना चूकच वाटत नाही. मराठीत मला मदत करतात. पण इथे एक पथ्य, कुणाचं बोलणं अवतरणचिन्हांत असेल तर त्याला हात लावायचा नाही. मेसच्या मावशी वऱ्हाडीत बोलल्या असतील तर त्या छापील मराठीत बोलल्या असं दाखवणं म्हणजे खोटं छापणं. अर्थ कळत नसेल तर त्यांचं म्हणणं अवतरणाबाहेर आपल्या शब्दांत सांगा.

एक पूर्ण नमुना बघू. अशी कॉपी तुमच्याकडे दर अंकाला येत असणार:

"महाविद्यालयात शुक्रवारी वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. सदर कार्यक्रमाचे आयोजन राष्ट्रीय सेवा योजना विभागाच्या वतीने करण्यात आले होते. यावेळी मान्यवरांच्या हस्ते वृक्ष लावण्यात आले. विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने उपस्थिती दर्शविली."

चार वाक्यं आहेत, लेखनाची चूक एकही नाही. आणि बातमीही नाही. ही प्रेसनोटची भाषा आहे, करण्यात आले, लावण्यात आले, दर्शविली, म्हणजे कुणीच काही करत नाही, सगळं आपोआप होतं. यावर लाल पेन चालवून उपयोग नाही, बातमीदाराला फोन करा. किती रोपं? कसली? कुठे? खड्डे कुणी खणले? पाणी कोण घालणार? गेल्या वर्षी लावलेल्यांचं काय झालं? मग कॉपी अशी होते:

"एनएसएसच्या विद्यार्थ्यांनी शुक्रवारी मागच्या मैदानाच्या कडेने कडुनिंब आणि करंजाची ४० रोपं लावली. उन्हाळ्यात पाणी घालायची पाळी वर्गवार ठरवली आहे. गेल्या वर्षी याच ठिकाणी लावलेल्या रोपांपैकी नऊ जगली आहेत."

शब्द कमी झाले, माहिती वाढली, आणि कर्ता परत आला. मान्यवर गेले. (मान्यवर गेले म्हणून कुणीतरी नाराज होईल, त्याची तयारी ठेवा, फोटोओळीत त्यांचं नाव घेऊन टाका.) बघा, यात व्याकरण किती आणि चौकशी किती होती.

आता एक विषय ज्यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते, तो म्हणजे तो आणि ते. मराठीत क्रियापदातच आदर असतो, त्यामुळे कुणाबद्दलही एक वाक्य लिहिलं तरी तुम्ही त्याची पायरी ठरवून टाकता. विद्यार्थ्यांच्या पेपरांत हमखास दिसणारा नमुना असा की प्राचार्य "म्हणाले", पाहुणे "म्हणाले", आणि रात्रपाळीचा वॉचमन "म्हणाला", कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी बाई "म्हणाली", तीही साठीची असताना. कुणी मुद्दाम करत नाही, हात तसा वळतो. यावर नियम पुस्तकात मिळणार नाही, तुमच्या पेपरने ठरवायचा. माझं मत विचाराल तर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ते आणि त्या, पद कोणतंही असो. विद्यार्थ्यांनाही? तेही तुम्हीच ठरवा, काही ठिकाणी स्पर्धा जिंकलेल्या मुलाला "तो" लिहिणं जवळिकीचं वाटतं, चालेल, फक्त टॉपरला ते आणि नापास झालेल्याला तो असं नको.

याच आदराची दुसरी बाजू फार अडचणीची आहे. आदरार्थी बहुवचनामुळे "शिक्षकांनी" म्हणजे एक शिक्षक की अनेक हे कळत नाही. साध्या बातमीत चालून जातं. पण हेडिंग आहे "शिक्षकांनी अपमान केल्याचा आरोप", आणि आरोप आहे एकावर, तर आदर एकाचा झाला आणि बदनामी सगळ्या स्टाफरूमची. अशा वेळी आदर बाजूला ठेवून "एका शिक्षकावर अपमानाचा आरोप" असं स्पष्ट एकवचन लिहा. एका अनुस्वारापायी दुसऱ्या दिवशी खुलासा छापायची वेळ येते.

दोस्तांच्या रुसण्याकडे येते. तुम्ही कॉपीत जे जे बदलता त्याचे मनातल्या मनात तीन ढीग करा. पहिला चूक, म्हणजे परिक्षा, निवेदन दिली, चोरी करणारे पोलीस. दुसरा आपल्या पेपरची पद्धत, म्हणजे असे की असं, महाविद्यालय की कॉलेज, अमुक सर की अमुक यांनी, आकडे देवनागरी की इंग्रजी. तिसरा तुमची आवड, म्हणजे "मी असतो तर हे वाक्य असं लिहिलं असतं". पहिला ढीग न विचारता बदला. दुसऱ्यासाठी एक पान लिहून काढा आणि सगळ्यांना ग्रुपवर टाका, म्हणजे भांडण तुमच्याशी होत नाही, त्या पानाशी होतं, आणि ते पान दर काही अंकांनी सगळे मिळून बदलू शकता. तिसऱ्या ढिगाला हात लावू नका. नवीन उपसंपादकांचे निम्मे बदल या तिसऱ्या ढिगातले असतात आणि लिहिणाऱ्याला ते बरोबर कळतं. तुमच्या मैत्रिणीने छोटी छोटी वाक्यं लिहिली असतील तर ती तिची चाल आहे, ती जोडून तुम्ही तुमची करू नका.

गूगल डॉक्समध्ये काम करत असाल तर थेट बदल करू नका, सुचवण्याचा पर्याय चालू करा, आणि प्रत्येक बदलाच्या बाजूला चार शब्दांत कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर तो बदल बहुधा तिसऱ्या ढिगातला आहे, मागे घ्या. तुमचं व्याकरण खरं इथेच तयार होणार आहे, कारण दुसऱ्याला कारण सांगायचं म्हणून तुम्ही कोश उघडाल, आणि एकदा उघडून सांगितलेलं विसरत नाही.

वाचायच्या क्रमाबद्दल थोडक्यात. पहिल्यांदा पेन हातात न घेता नुसतं वाचा, बातमी कळली का एवढंच बघा. मग वाक्यं. मग शुद्धलेखन. शेवटी नावं, आकडे, वार-तारीख, आणि वार-तारीख कॅलेंडर उघडूनच. सुरुवातीलाच वेलांट्या सुधारत बसलात तर अर्ध्या तासाने कळतं की तो परिच्छेदच उडवायचा होता. छपाईचा अंक असेल तर शेवटचं वाचन डॉकमध्ये नको, पान लागल्यानंतरच्या पीडीएफवर करा, कारण युनिकोडमधला मजकूर पान लावणाऱ्याच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की नेमके ऱ्या, रफार आणि जोडाक्षरं फुटतात, शिवाय कॉलममध्ये बसवताना शेवटची ओळ कापली जाते ती वेगळीच. शक्य असेल तर एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पानावर बोट ठेवून बघावं, जुन्या प्रेसमध्ये असंच प्रूफ वाचायचे.

टूल्सबद्दल कुणीतरी विचारणारच. स्पेलचेकर वापरा, एआयलाही विचारा, पण त्याला "सुधारून दे" म्हणू नका, "काय चुकलंय आणि का" विचारा आणि ते कारण कोशात तपासा. स्पेलचेकरला दिन आणि दीन दोन्ही बरोबरच वाटतात, "महिला दीन उत्साहात साजरा" असं हेडिंग त्याच्या नजरेतून सहज सुटतं. आणि सगळ्यांची कॉपी एकाच मशीनमधून काढली की सगळे एकाच आवाजात लिहायला लागतात, वर सांगितलेला तिसरा ढीग मोठ्या प्रमाणावर होतो.

तुमचा पुढचा अंक किती दिवसांत आहे माहीत नाही, पण त्यात फक्त फोटोओळींपासून सुरुवात करा. लहान असतात, त्यात नावं असतात, पदं असतात, डावीकडून-उजवीकडून असतं, आदरार्थी क्रियापद असतं, आणि सहसा कुणीच तपासत नाही. त्या जमल्या की हेडिंग्ज घ्या. एखादी अडलेली कॉपी असेल तर बातमीदाराचं नाव काढून इथेच टाका, कारणांसकट बघून देते.